बेबल कसं वाचावं, कुठे थांबावं आणि अर्धंच आवडलं तर काय करावं

आर. एफ. क्वांगची 'बेबल' 2022 च्या ऑगस्टमध्ये आली आणि तेव्हापासून डार्क अकॅडेमिया म्हटलं की हे नाव निघतंच. जुनी कॉलेजं, मेणबत्त्या, लॅटिन, लायब्ररीत रात्र रात्र जागणारी हुशार पोरं, एखादी गुप्त मंडळी आणि कुठेतरी एक मृत्यू, हा माहोल ज्यांना आवडतो त्यांच्या कपाटात हे पुस्तक हमखास सापडतं. पण कपाटात असणं वेगळं आणि वाचून होणं वेगळं. पाचशेच्या वर पानं, त्यातली पहिली दीड-दोनशे अभ्यास, जेवणं, मैत्री आणि भाषेवरची लेक्चर्स यातच जातात, आणि बरेच जण तिथे बुकमार्क लावून जे थांबतात ते थांबतातच.

मला ही कादंबरी मनापासून आवडते आणि तरी हिच्याबद्दल माझ्या तक्रारी आहेत, आणि त्या तक्रारी लोक करतात त्याच्या बरोबर उलट्या आहेत. लोक म्हणतात सुरुवात फार स्लो आहे, पुढे मस्त वेग घेते. माझं म्हणणं असं की या पुस्तकाची सगळी ताकद त्या स्लो भागात आहे आणि वेग घेतल्यावरच ते कच्चं पडतं. म्हणून खाली जे सांगतेय ते त्या हिशोबाने, म्हणजे सुरुवात कशी सोसायची हे नाही, तर सुरुवात कशी पुरेपूर घ्यायची आणि उत्तरार्धात काय धरायचं, काय सोडायचं. शेवट फोडणार नाहीये, पण मधल्या काही प्रसंगांचा उल्लेख येईल, तेवढं चालत नसेल तर आधी पुस्तक वाचा.

आधी अपेक्षा सरळ करून घ्या

जादूची शाळा असं समजून घेतलंत तर नक्की वैतागाल. इथे मंत्र नाहीत, द्वंद्वं नाहीत, प्राणी नाहीत. 1828 मध्ये चीनमधल्या कँटन शहरात पटकीने मरायला टेकलेल्या एका मुलाला प्रोफेसर लव्हेल नावाचा इंग्रज उचलतो, लंडनजवळ हॅम्पस्टेडला आणतो, इंग्रजी नाव घ्यायला लावतो, वर्षानुवर्षं लॅटिन-ग्रीक घोटून घेतो आणि मग 1836 ला ऑक्सफर्डला पाठवतो. तो रॉबिन स्विफ्ट. तिथे एक टॉवर आहे, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशन, सगळे त्याला बेबल म्हणतात. जादू आहे ती चांदीच्या पट्ट्यांची. पट्टीच्या एका बाजूला एका भाषेतला शब्द कोरायचा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भाषेतला त्याचा जोडीदार, आणि एका भाषेतून दुसरीत जाताना अर्थाचा जो भाग हरवतो तो चांदी प्रत्यक्षात आणते. पण दोन्ही भाषा रक्तात मुरलेला माणूसच ती पट्टी चालवू शकतो, नुसता डिक्शनरी पाठ केलेला नाही. म्हणजे साम्राज्याला आपली जहाजं, गिरण्या, गाड्या पळवायला कँटनचं, कलकत्त्याचं पोर हवंय, आणि त्याच पोराच्या देशाला लुटायचंही आहे.

बस, कल्पना एवढीच आहे आणि ती जबरदस्त आहे. बाकी कादंबरी म्हणजे या पोराला हे कळायला किती वर्षं लागतात त्याची गोष्ट. हे डोक्यात ठेवून बसलात तर 'अजून काही घडतच नाहीये' असं वाटणार नाही, कारण घडत असतं ते त्याच्या आत.

सुरुवातीला लेखिकेची एक टीप आहे, ऑक्सफर्डच्या चित्रणाबद्दल, ती बरेच जण पलटून पुढे जातात. जाऊ नका. खऱ्या शहरात आपण काय काय हलवलंय ते तिने त्यात स्वतःच मोकळेपणाने सांगितलंय. ती स्वतः केंब्रिज आणि ऑक्सफर्ड दोन्हीकडे शिकलेली आहे, त्यामुळे त्या गल्ल्या, ती थंडी, त्या लायब्ऱ्या यांच्याबद्दलचं तिचं प्रेम खरं आहे आणि राग पण खरा आहे. टीप वाचली की या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हे आधीच लक्षात येतं आणि पुढे गोंधळ कमी होतो.

पहिले दोन भाग: घाई केलीत तर पुस्तक हातचं गेलं

पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिल्या दोन भागांना मी सांगते तसा वेळ द्या, रोज थोडं थोडं, शक्यतो रात्री, एका वेळी एखाद-दुसरं प्रकरण, आणि फोन दुसऱ्या खोलीत. रविवारी बसून दोनशे पानं फोडू असं करू नका कारण या भागाची रचना सवय लावण्याची आहे. रॉबिन, कलकत्त्याचा रामी, हैतीत जन्मलेली आणि फ्रान्समध्ये वाढलेली व्हिक्त्वार, आणि अॅडमिरलची इंग्रज मुलगी लेटी, या चौघांची बॅच. त्यांचे चहा, त्यांची भांडणं, परीक्षेच्या आधीचे हाल, एकमेकांच्या नोट्स, कोणाचं कोणावाचून कसं पान हलत नाही हे सगळं तुम्हाला तुमच्या स्वतःच्या कॉलेजच्या ग्रुपसारखं ओळखीचं व्हायला पाहिजे. ते झालं तरच पुढे जेव्हा त्या चौघांत तडा जातो तेव्हा तुम्हाला लागतं. स्किम करून पोचलेल्या माणसाला तो प्रसंग नुसता ट्विस्ट वाटतो, आणि मग तो म्हणतो एवढं काय त्यात.

या भागात वाचताना एक काम करा. जिथे जिथे ऑक्सफर्ड सुंदर वाटतं तिथे पेन्सिलीने बारीक खूण करा आणि जिथे जिथे काहीतरी टोचतं तिथे वेगळी खूण करा. हॅम्पस्टेडच्या घरात मिसेस पायपर गरम स्कोन्स करून घालते, पुस्तकांनी भरलेली खोली आहे, शिकवणी आहे, आणि त्याच घरात पोरगा गोष्टीचं पुस्तक वाचता वाचता शिकवणी विसरला म्हणून लव्हेल त्याला शेकोटीच्या सळईने मारतो, आणि नंतर घरात कोणी त्याबद्दल एक शब्द बोलत नाही, सगळं परत सुरळीत. ऑक्सफर्डला आल्या आल्या रॉबिन आणि रामी रात्री विद्यापीठाचा गाऊन घालून निघतात तर प्यायलेली इंग्रज पोरं त्यांच्या मागे लागतात, यांना गाऊन कसा काय म्हणून. मुलींची राहायची सोय लांब कुठेतरी. प्रत्येक गोड गोष्टीच्या शेजारी अशी एक गोष्ट ठेवलेली आहे आणि ती ओरडून सांगितलेली नाही. हे मला या पुस्तकातलं सगळ्यात भारी काम वाटतं. रॉबिन ती टोचणी गिळतो कारण त्याला तिथे राहायचंय, आणि आपल्यालाही तिथे राहायचं असतं म्हणून आपणही गिळतो. वाचकालाच सामील करून घेतलंय आणि ते करायला पानं लागतात, दहा पानांत होत नाही ते.

आणि इथे थोडं बाजूला जाऊन सांगते, खऱ्या ऑक्सफर्डमध्ये तेव्हा या चौघांपैकी तिघांना तरी दारच बंद होतं. 1854 पर्यंत प्रवेश घेतानाच चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मकलमांवर सही करावी लागायची, म्हणजे रामीसारख्या मुसलमान मुलाचा प्रश्नच नाही, आणि बायकांना तर पदवी मिळायला 1920 उजाडलं. आपल्या नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी 1892 ला ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली, ती देणाऱ्या त्या पहिल्या बाई, आणि पदवी हातात यायला पुढे जवळपास तीस वर्षं गेली. कादंबरीत लेटी आणि व्हिक्त्वारच्या वाट्याला जे छोटे छोटे अपमान येतात ते वाचताना मला सारख्या त्याच आठवत होत्या.

तळटिपांचं काय करायचं

तळटिपा भरपूर आहेत आणि त्यांच्यावरून लोकांची डोकी फिरतात. काही टिपा शब्दांच्या व्युत्पत्तीच्या, काही खऱ्या इतिहासाच्या, काही कादंबरीतल्याच पात्रांबद्दल गंमत सांगणाऱ्या, आणि काही चक्क वाचकाला समजावणाऱ्या, की बघा हे पात्र जे बोललं ते किती चुकीचं आहे. पहिल्या तीन प्रकारच्या टिपा मला आवडतात, चौथ्या प्रकाराने मात्र वैताग येतो, कारण समोरचा संवाद वाचून ते मला कळलेलंच असतं आणि टीप येऊन माझ्या हातातला विचार काढून घेते.

माझा सल्ला, कागदी पुस्तक असेल तर प्रकरण संपल्यावर मागे येऊन टिपा एकदम वाचा. मधे मधे खाली नजर टाकलीत की संवादाची लय तुटते आणि आधीच संथ असलेलं प्रकरण आणखी लांबतं. किंडलवर हे जरा अवघड जातं, प्रत्येक आकड्यावर टॅप करून परत यायचं, तेव्हा तिथे मी फक्त जी टीप खुणावते तीच उघडते. ऑडिओबुकमध्ये टिपांना वेगळा आवाज दिलाय आणि खरं सांगायचं तर तिथे त्या सगळ्यात छान बसतात, कोणीतरी शेजारी बसून हळूच माहिती देतंय असं वाटतं. शिवाय चिनी उच्चार कानावर पडतात, ते डोळ्यांनी वाचून आपल्याला जमत नाहीत. लांबचा प्रवास रोजचा असेल तर ऑडिओचा विचार जरूर करा, पण पहिलं प्रकरण मात्र कागदावर वाचा, चांदीची पट्टी कशी चालते ते तिथे नीट समजलं पाहिजे. तिथे फ्रेंच 'त्रियाक्ल' आणि इंग्रजी 'ट्रीकल' ही जोडी येते, एकाचा मूळ अर्थ विषावरचा उतारा आणि दुसऱ्याचा आता नुसता काकवीसारखा पाक, आणि मधे जो औषधाचा अर्थ गळालाय तो चांदी पोराच्या शरीरात उतरवते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या पट्ट्या आपोआप कळतात.

शेजारी एक वही ठेवा

अभ्यास करा असं म्हणत नाहीये, पण काही तारखा लिहून ठेवल्यात तर मराठी वाचकाला हे पुस्तक दुप्पट देतं. कादंबरीतला काळ आणि आपल्याकडचा काळ अगदी एक आहे.

1831 ला मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापला गेला, कँडी बंधू आणि मराठी पंडित यांच्या मदतीने, सरकारी पाठबळावर. 1832 ला ऑक्सफर्डमध्ये संस्कृतची बोडन प्रोफेसरशिप सुरू झाली, आणि ती ज्याच्या पैशातून झाली तो जोसेफ बोडन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेतला लेफ्टनंट कर्नल. त्याच्या मृत्युपत्रात हेतू सरळ लिहिलेला होता, की संस्कृत शिकून बायबलचं ज्ञान हिंदुस्थानात पसरवायचं आणि तिथल्या लोकांना ख्रिस्ती करायचं. म्हणजे भाषा शिकायची ती राज्य आणि धर्म चालवायला, ही क्वांगने रचलेली गोष्ट नाही, ती खऱ्या ऑक्सफर्डच्या खऱ्या खुर्चीत बसलेली आहे. हे माहीत असलं की बेबलचा टॉवर फॅन्टसी वाटत नाही.

दुसरी गोष्ट अफूची. कादंबरी पुढे चीनशी होणाऱ्या युद्धाकडे जाते. ब्रिटिश व्यापारी हिंदुस्थानातली अफू चीनमध्ये विकायचे, 1839 ला लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या, 1840 च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश संसदेत सरकारविरुद्धचा ठराव 262 विरुद्ध 271 असा फक्त 9 मतांनी पडला, आणि 1842 च्या नानकिंग तहात हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं. आता यात आपण कुठे? माळव्याची अफू, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेली, ती मुंबई बंदरातून चीनला जायची. कंपनीला चुकवायला दमणच्या वाटेनेही जायची. जमशेटजी जीजीभॉय यांचा चीनचा व्यापार जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी पेढीबरोबर होता, आणि त्याच संपत्तीतून पुढे मुंबईत 1845 ला जे. जे. हॉस्पिटल आणि 1857 ला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभं राहिलं. लाखो गरीब माणसं त्या हॉस्पिटलात बरी झाली. मग त्या इमारतीकडे बघताना काय वाटून घ्यायचं? रॉबिन ऑक्सफर्डच्या लायब्ररीकडे बघून हाच प्रश्न विचारतो, आणि म्हणून मला वाटतं की या पुस्तकाबद्दल मनात दोन्ही वाटणं हे पुस्तक नीट पोचल्याचंच लक्षण आहे.

सोडायचं असेल तर कुठे सोडायचं

सगळ्यांनी सगळं वाचलंच पाहिजे असं काही नाही. पण पन्नास पानांवर सोडू नका, तिथे अजून ऑक्सफर्डही धड आलेलं नसतं. दुसरा भाग संपेपर्यंत द्या. तोवर त्या चौघांपैकी एकाही पात्राबद्दल तुम्हाला जीव लागला नसेल, आणि शब्दांच्या गप्पा कंटाळवाण्या वाटत असतील, तर बिनधास्त बंद करा, कारण पुढे जे आहे ते याच दोन गोष्टींवर उभं आहे. 'पुढे अॅक्शन आहे म्हणे' या आशेवर ओढत नेलंत तर अॅक्शन येईल पण तुमचं काही पणाला लागलेलं नसेल.

उलट दुसऱ्या भागाच्या शेवटी तुम्हाला आत ओढल्यासारखं झालं असेल तर तिसरा भाग सलग वाचा. कँटनची सफर आणि परतीच्या बोटीवर जे होतं ते, इथे मात्र रोज थोडं थोडं करू नका, एका दमात घ्या. संपूर्ण पुस्तकात मला हाच तुकडा सर्वात ताकदीचा वाटतो. इतक्या वर्षांची गिळलेली टोचणी एका खोलीत एका मिनिटात बाहेर येते, आणि ती ज्या पद्धतीने येते तिला चांदी आणि भाषा दोन्हीची जोड आहे. त्यानंतर पुस्तक खाली ठेवा आणि चार-पाच दिवस थांबा. मुद्दाम थांबा. कारण चौथ्या भागापासून हे वेगळं पुस्तक आहे.

उत्तरार्धाशी भांडत भांडत वाचा

इथून पुढे जोर वाढतो आणि बारकावा कमी होतो. पात्रं एकमेकांशी बोलण्यापेक्षा मुद्दे मांडायला लागतात. 1830 च्या दशकातली पोरं कधी कधी आजच्या विद्यापीठातल्या सेमिनारसारखी बोलतात. लव्हेलच्या जातकुळीतले इंग्रज इतके सपाट काळे होतात की पहिल्या भागातला लव्हेल, जो स्वतः कादंबरी आणून देतो आणि सळईनेही मारतो, तो जास्त भयानक होता असं वाटतं. जो राग आधी माझा मला येत होता तो आता मला वाढला जातोय असं होतं. पुस्तकाच्या पूर्ण नावातच हिंसेची आवश्यकता असे शब्द आहेत, तेव्हा वाद कुठे जाणार ते आधीच माहीत असतं, आणि मग प्रश्न म्हणून जे उभं राहायला हवं होतं ते उत्तर म्हणून येतं.

आणखी एक. चांदीची जादू शतकानुशतकं चालू आहे म्हणे, तरी जगाचा इतिहास जसाच्या तसा, तीच कंपनी, तीच युद्धं, त्याच तारखा. फॅन्टसी भरपूर वाचणाऱ्यांना हे फार खटकतं आणि त्यांचं बरोबर आहे. मी त्याकडे असं बघते की इथे चांदी म्हणजे वाफेच्या यंत्राच्या जागी ठेवलेली गोष्ट आहे, औद्योगिक क्रांती कोणाच्या जिवावर झाली ते दाखवायला, वेगळं जग बांधायला नाही. हे मान्य केलंत तर वाचणं सोपं जातं, पण तक्रार पूर्ण मिटत नाही.

रामी आणि व्हिक्त्वारबद्दल तर मला खरंच वाईट वाटतं. दोघंही रॉबिनपेक्षा जास्त तीक्ष्ण, जास्त जिवंत, आणि त्यांच्या डोक्यात शिरायला मिळतं ते छोट्या छोट्या मध्यांतरात, तेही फार उशिरा. रामीचं कलकत्त्याचं बालपण, इंग्रजांसमोर स्वतःला कसं सादर करायचं हे त्याने किती लहानपणी शिकून घेतलं, यावर मी दोनशे पानं आनंदाने वाचली असती. भारतीय वाचकाला हे जास्त जाणवणार. ती प्रकरणं आली की वेग कमी करा, परत वाचा.

आणि भांडत वाचा म्हणजे काय तर समासात लिहा. माझं सगळ्यात मोठं भांडण भाषांतराबद्दल आहे. पुस्तकाचा सूर असा की भाषांतर म्हणजे उचलेगिरी, सत्तेची सेवा. पण त्याच काळात, 6 जानेवारी 1832 ला, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, शेजारी शेजारी मराठी आणि इंग्रजी. तिथे दोन भाषांची जोडी साम्राज्याने नाही वापरली, आपल्या माणसाने आपल्या माणसांसाठी वापरली, नवी विद्या इकडे यावी आणि इकडचं म्हणणं तिकडे कळावं म्हणून. आणि मोल्सवर्थचंच घ्या, राज्यकारभारासाठी केलेला कोश, आज तो ऑनलाइन शोधता येतो आणि एखादा जुना मराठी शब्द अडला की आपण आधी तिकडेच धाव घेतो. कादंबरीत रामी एका ठिकाणी दुसरी बाजू मांडतो, भाषांतर म्हणजे समोरच्याचं ऐकणं असं काहीसं, ते मला फार फार आवडतं, पण गोष्ट ते घेऊन पुढे कुठे जात नाही. तुमच्या समासात तुम्ही न्या.

संपल्यावर लगेच स्टार देऊ नका

शेवट जोरदार आहे आणि मन हललेलं असतं, त्या भरात पाच दिले जातात, किंवा उपदेशाने वैतागून दोन. दोन्ही खोटे नसतात पण अर्धे असतात. आठवडा जाऊ द्या आणि मग बघा काय उरलंय. माझ्याकडे उरलं ते हॅम्पस्टेडचं घर, चौघांचा चहा, बोटीवरची खोली आणि रामीचं बोलणं. उत्तरार्धातली भाषणं जवळपास सगळी पुसली गेली.

रिव्ह्यू लिहिताना 'ठीक आहे, मिक्स्ड आहे' असं लिहून मोकळे होऊ नका, त्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. कुठल्या भागात काय आवडलं आणि कुठल्या भागात का तुटलं ते जागेसकट लिहा. 'स्लो आहे' असं लिहिणार असाल तर कशासाठी स्लो आहे आणि ते तुमच्यासाठी वसूल झालं का तेही लिहा. बक्षिसांचं दडपण घेऊ नका. हिला 2022 साठीचं बेस्ट नॉव्हेलचं नेब्युला मिळालं, 2023 चं लोकस पण मिळालं, आणि चीनमधल्या चेंगडूला दिल्या गेलेल्या 2023 च्या ह्युगो पुरस्कारांमध्ये भरपूर मतं असूनही कारण न देता अपात्र ठरवून यादीबाहेर ठेवलं गेलं, ज्यावरून नंतर आकडे बाहेर आल्यावर मोठा वाद झाला. तो अन्याय होता असं मला वाटतं, पण म्हणून पाचवा भाग चांगला होत नाही. तसंच लेखिकेचा राजकीय मुद्दा पटतो म्हणून लिखाणातला दोष झाकायची गरज नाही, आणि लिखाणातला दोष दिसला म्हणजे मुद्दाच खोटा असंही नाही. हे दोन वेगळे ठेवलेत तर ग्रुपमध्ये हिच्यावर नीट चर्चा होते, नाहीतर पाच मिनिटांत दोन गट पडतात आणि पुस्तक बाजूला राहतं.

कोणाला द्यावं? ज्याला व्युत्पत्तीचं वेड आहे, कोश उघडला की तासभर बाहेर येत नाही, त्याला डोळे झाकून द्या. बाहेर शिकायला गेलेल्या किंवा जायच्या तयारीत असलेल्या मुलामुलींना जरूर द्या, परक्या विद्यापीठाच्या प्रेमात पडणं आणि तिथे कायम पाहुणं राहणं हे त्यांना पहिल्या भागातच कळेल. भाषांतर करणाऱ्यांना द्या आणि मग त्यांच्याशी 'दर्पण'वर भांडा. ज्यांना वेगवान प्लॉट, मोठी जादूव्यवस्था आणि रोमान्स हवाय त्यांना नका देऊ, प्रेमकथा म्हणावी अशी इथे नाहीच, जे आहे ते न बोललेलं आहे. आणि दिलंत तर सोबत एवढंच सांगा की पहिल्या दोन भागांना घाई करू नको, तळटिपा प्रकरण संपल्यावर वाच, बोटीनंतर चार दिवस थांब.